घराचा पट्टा आणि त्याचीं सरणारीं वर्षें

मनुष्यानें घर विकत घेतलें म्हणजे तें त्याचें झालें, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेलें घर कालांतरानें दुसऱ्याचें होऊं शकतें, असें कोणी सांगितलें तर प्रथम ऐकणारास तें खरेंहि वाटत नाहीं. परंतु इंग्लंड आणि वेल्स या देशांत अशीं लाखों घरें आहेत. त्यांत राहणाऱ्या कुटुंबानें आयुष्यांतली शिल्लक खर्चिलेली असते, बँकेचें कर्ज वीस-पंचवीस वर्षें फेडलेलें असतें. आणि तरीहि कागदोपत्रीं त्या घरावर त्याची सत्ता ठराविक वर्षांपुरतीच असते. तीं वर्षें सरलीं कीं घर जमीनमालकाकडे जावयाचें. या व्यवस्थेस तिकडे ‘लीजहोल्ड’ म्हणतात. १९३२ सालीं लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. त्या काळापासून आजपर्यंत अनेक मराठी कुटुंबें त्या देशांत स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांपैकीं ज्यांनीं फ्लॅट घेतले त्यांच्या पेटींतहि बहुधा असाच पट्ट्याचा कागद आहे. पट्ट्याचीं वर्षें वाढवून कशीं घ्यावीं, व मुख्यतः केव्हां घ्यावीं, हें समजून घेणें म्हणूनच पुष्कळांच्या हिताचें आहे.

पट्टा म्हणजे काय, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. दरमहा भाडें भरून राहणारा भाडेकरू आणि जमिनीसह घराचा धनी, या दोघांच्या मधलें हें स्थान आहे. पट्टेदार आरंभीं एक मोठी रक्कम देतो आणि तिच्या मोबदल्यांत ९९, १२५ किंवा ९९९ वर्षें ती वास्तु उपभोगण्याचा हक्क मिळवितो. हा हक्क त्याला विकतां येतो, गहाण टाकतां येतो, मृत्युपत्रानें मुलांना देतां येतो. जमीनमालकास तो बहुधा दरवर्षीं थोडेंसें भुईभाडें देतो. मात्र त्याच्याकडून जो घर घेईल त्याला उरलेलीं वर्षेंच मिळतात. १९६० सालीं दिलेला ९९ वर्षांचा पट्टा २०५९ सालीं संपणार. मध्यंतरीं घर पांच वेळां विकलें गेलें तरी ती तारीख हलत नाहीं. मेणबत्ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली म्हणून कांहीं ती लांब होत नाहीं.

ही पद्धति कोठून आली? लंडन शहराचा पश्चिम भाग अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मोठमोठ्या सरदार घराण्यांच्या जमिनीवर उभा राहिला. मेफेअर व बेलग्रेव्हिया हे भाग ग्रोव्हनर घराण्याचे, ब्लूम्सबरीचा बराच भाग बेडफर्डच्या ड्यूकांचा, चेल्सीचा बराच भाग कडोगन घराण्याचा. या घराण्यांनीं सामान्यतः जमीन विकली नाहीं. ती पट्ट्यानें दिली. पट्टा घेणारा स्वतःच्या पैशानें घर बांधी, थोडें भुईभाडें देई, आणि मुदत संपली कीं जमीन व तिच्यावरचें घर हीं दोन्हीं घराण्याकडे परत जात. आजोबांनीं दिलेल्या जमिनीवर नातवास आयतीं घरें मिळावीं, अशी ही दूरदृष्टीची योजना होती. घराण्याच्या बाजूनें ती उत्तम होती. घर बांधणाऱ्याच्या नातवास मात्र ती तशी नव्हती.

याचा खरा चटका बसला तो दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत. तेथें खाणमजुरांचीं व कामगारांचीं पुष्कळ घरें याच रीतीनें उभीं राहिलीं होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिलेले ९९ वर्षांचे पट्टे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संपूं लागले. ज्या घराच्या विटा कुटुंबाच्या कमाईंतून रचल्या गेल्या, तें घर जमीनमालकाच्या स्वाधीन करावें, नाहीं तर त्याच्याकडून तें पुन्हां विकत घ्यावें, असा प्रसंग दारांत येऊन उभा राहिला. एवढेंच नव्हे, तर परत देतांना घर नीट दुरुस्त करून देण्याचा भारहि करारान्वयें पट्टेदाराच्याच माथीं असे. लोकांत मोठा असंतोष माजला आणि हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारनें १९६७ सालीं पट्टासुधारणेचा कायदा केला. जमीन न्यायतः जमीनमालकाची, पण घर न्यायतः त्यांत राहणाऱ्या पट्टेदाराचें, हें तत्त्व त्या सरकारनें मांडलें. स्वतंत्र घराच्या पट्टेदारास दोन वाटा मिळाल्या: घराखालची जमीन विकत घेऊन पूर्ण मालक व्हावें, किंवा पट्टा ५० वर्षांनीं वाढवून घ्यावा. मालकाची इच्छा असो वा नसो, कायद्याच्या अटी पुऱ्या झाल्या कीं त्यानें हें दिलेंच पाहिजे, असें ठरलें.

जमीनमालकांनीं ही गोष्ट मुकाट्यानें सोसली नाहीं. दुसऱ्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या इस्टेटीच्या विश्वस्तांना बेलग्रेव्हियांतील सुमारें ८० घरांवरचा हक्क या कायद्यामुळें सोडावा लागला. त्यांनीं स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे धांव घेतली. एकाची मालमत्ता काढून ती दुसऱ्या खासगी माणसास देणें हा लुटीचाच प्रकार नव्हे काय, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता. न्यायालयानें १९८६ सालीं निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध गेला. समाजांतील अन्याय दूर करण्यासाठीं असा कायदा करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभेस आहे, असें न्यायालयानें मानलें. पट्टा वाढवून मिळणें ही मालकाची मेहेरबानी नसून पट्टेदाराचा हक्क आहे, या विचाराचा पाया अशा रीतीनें पक्का झाला.

परंतु १९६७ चा कायदा स्वतंत्र घरांपुरता होता; फ्लॅटमध्यें राहणारे त्याच्या बाहेर राहिले. फ्लॅट पट्ट्यानेंच कां विकले जातात, यालाहि एक कारण आहे. एका इमारतींत वीस कुटुंबें राहतात. छप्पर सर्वांचें, जिना सर्वांचा, गटार सर्वांचें. त्यांची डागडुजी करण्याचें व तिचा वांटा भरण्याचें बंधन प्रत्येकावर, आणि पुढें त्याच्याकडून फ्लॅट घेणाऱ्यावरहि, राहिलें पाहिजे. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें पूर्ण मालकीच्या जागेबाबत, पैसा खर्च करावा लागणारें असें बंधन पुढच्या खरेदीदारावर सहसा चालत नाहीं; पट्ट्यांत मात्र तें चालतें. म्हणून फ्लॅट म्हटला कीं पट्टा, असें समीकरणच तेथें बनून गेलें. या लोकांना न्याय मिळाला तो १९९३ च्या कायद्यानें. ज्याचा मूळ पट्टा २१ वर्षांहून अधिक मुदतीचा आहे अशा फ्लॅटधारकास, उरलेल्या वर्षांत आणखी ९० वर्षें मिळवून नवा पट्टा मागण्याचा हक्क त्या कायद्यानें दिला. ७२ वर्षें उरलीं असतील तर नवा पट्टा १६२ वर्षांचा. शिवाय नव्या पट्ट्याचें भुईभाडें ‘एक मिरीदाणा’ एवढेंच राहतें. हा मिरीदाणा कोणी मागत नाहीं व कोणी देत नाहीं. भाडें शून्य आहे हें सांगण्याची ती कायद्याची जुनी भाषा आहे.

अर्थात् हें फुकट मिळत नाहीं. जमीनमालकाचें जें नुकसान होईल त्याची भरपाई पट्टेदारानें करावयाची असते. ती किती, हें समजण्यास शाळेंतलें चक्रवाढ व्याज पुरेसें आहे. जमीनमालकाजवळ आज काय आहे? अमुक वर्षांनीं घर परत मिळेल, ही आशा. त्या आशेची आजची किंमत किती? जी रक्कम आज व्याजानें ठेवली असतां त्या दिवशीं घराच्या किंमतीएवढी होईल, तेवढी. २००६ सालीं कडोगन इस्टेटीच्या एका गाजलेल्या प्रकरणांत तेथील जमीनविषयक न्यायाधिकरणानें या हिशेबासाठीं फ्लॅटांना द.सा.द.शे. ५ व स्वतंत्र घरांना ४.७५ हा दर सामान्यतः योग्य मानला, आणि पुढें तोच रूढ झाला.

आतां एक उदाहरण घ्यावें. लांब मुदतीच्या पट्ट्यासह एखाद्या फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड आहे असें धरावें, आणि सोयीसाठीं भुईभाडें हिशेबांतून वगळावें. पट्ट्याचीं १०० वर्षें उरलीं असतील तर पांच टक्क्यांनीं जमीनमालकाच्या आशेची आजची किंमत अवघी २,२८० पौंड येते. ८० वर्षें उरलीं असतां ती ६,०५० पौंड होते. ६० उरलीं असतां १६,०६०. ४० उरलीं असतां ४२,६१०. आणि २० च उरलीं असतां १,१३,०७० पौंड. पहिल्या वीस वर्षांत वाढ होते ती चार हजारांच्या आंतच. शेवटच्या वीस वर्षांत ती सत्तर हजारांवर जाते. चक्रवाढ व्याजाचा हा स्वभावच आहे. कर्जदार म्हणून ज्यानें सावकाराचें व्याज पाहिलें आहे त्याला तो निराळा सांगावयास नको. पट्ट्याचीं वर्षें भरपूर असतात तेव्हां पट्टेदार निश्चिंत असतो, आणि तेव्हांच तीं वाढवून घेणें सर्वांत स्वस्त असतें; वर्षें थोडीं राहिलीं कीं त्याला चिंता वाटूं लागते, आणि तेव्हां तें सर्वांत महाग झालेलें असतें. या विषयांतलें सर्व मर्म या एका वाक्यांत आहे.

या चढावर ८० व्या वर्षापाशीं आणखी एक उंच पायरी आहे. पट्टा वाढला म्हणजे फ्लॅटची बाजारांतली किंमत वाढते. पट्टेदाराचा जुना हक्क आणि जमीनमालकाचा हक्क यांची बेरीज जेवढी होती, त्याहून नव्या पट्ट्यानंतरची बेरीज अधिक भरते. दोन हक्कांच्या या जुळणीनें जें जास्त मोल निर्माण होतें त्यास तिकडे गंमतीनें ‘विवाहमूल्य’ असें नांव पडलें आहे. त्याचा अर्धा भाग जमीनमालकास द्यावा, पण पट्ट्याचीं ८० वर्षांहून अधिक वर्षें उरलीं असतील तर कांहींच देऊं नये, अशी रेषा २००२ च्या कायद्यानें आंखली. वरच्याच फ्लॅटचा पट्टा ८१ वर्षांचा उरला असतां पट्टेदारानें नोटीस दिली, तर जमीनमालकाच्या ५,७७० पौंडांच्या आशेपैकीं ९० वर्षें वाढल्यावर जवळ जवळ ७० च पौंड शिल्लक राहतात; म्हणून भरपाई ५,७०० पौंड. तोच पट्टेदार दोन वर्षें आळसांत घालवितो आणि पट्टा ७९ वर्षांवर येतो. अशा पट्ट्यासह फ्लॅटची किंमत २,८२,००० पौंड आहे असें समजावें. जमीनमालकाची आशा ६,३६० पौंडांची. दोहोंची बेरीज २,८८,३६०. नव्या पट्ट्यानंतर पट्टेदाराचे ३,००,००० व जमीनमालकाचे उरलेले ८० मिळून ३,००,०८०. वाढ झाली ११,७२० पौंडांची, आणि तिचा अर्धा भाग ५,८६०. जमीनमालकाच्या हक्काची घट ६,२८० पौंड त्यांत मिळविली म्हणजे एकूण १२,१४० पौंड द्यावे लागतात. घर तेंच, माणसें तींच; दोन वर्षांच्या दिरंगाईनें रक्कम दुपटीहून अधिक झाली.

द्रव्याचें नुकसान एवढ्यावरच थांबत नाहीं. उरलेलीं वर्षें सत्तर-ऐंशींच्या खालीं गेलीं कीं पुष्कळ बँका अशा फ्लॅटवर कर्ज देण्यास कांकूं करितात. कर्ज मिळत नाहीं म्हणून गिऱ्हाईक मिळत नाहीं. गिऱ्हाईक मिळालें तर तें भाव पाडून मागतें. वार्धक्यांत मोठा फ्लॅट विकून मुलीच्या गांवीं लहान जागा घ्यावी, असा बेत केलेल्या जोडप्यास आपल्या घराचें मोल असें वितळून गेलेलें आढळावें, ही मोठी दुःखाची गोष्ट होय. मुदत अजीबात संपली तरी त्यांत राहणाऱ्यास कायदा त्याच दिवशीं रस्त्यावर काढीत नाहीं. १९८९ च्या एका कायद्यान्वयें, अल्प भुईभाडें भरून स्वतः राहणाऱ्यास बाजारभावाचें भाडें देऊन तेथें राहतां येतें. पण काल जो स्वतःला घराचा धनी समजत होता त्यानें आज त्याच घराचें भाडें भरावें, आणि मुलांना ठेवण्यास हातीं कांहीं उरूं नये, हें सांत्वन फार कडू आहे.

आतां पट्टा वाढविण्याची रीत पाहावी. पहिलें काम पट्ट्याचा कागद मिळविण्याचें. तो घरांत नसेल तर सरकारी भूमिनोंदणी कचेरींतून त्याची नक्कल बहुधा मिळूं शकते. मुदत किती हें पाहून भागत नाहीं. ती कोणत्या तारखेपासून मोजावयाची हें पाहिलें पाहिजे. इमारत पुरी होण्याच्या दोन-तीन वर्षें आधींच मुदत सुरू झालेली असण्याचा पुष्कळदां संभव असतो, आणि मग ८२ वर्षें समजून स्वस्थ बसलेल्याचीं वस्तुतः ७९ च निघतात. दुसरें काम किंमत ठरविण्याचें. तें या विषयांतल्या जाणत्या सर्व्हेयरकडून करून घ्यावें, कारण वरच्या उदाहरणांत गृहीत धरलेला प्रत्येक आंकडा प्रत्यक्षांत वादाचा विषय होऊं शकतो. तिसरें काम नोटिशीचें. १९९३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणें पट्टेदारानें जमीनमालकास लेखी नोटीस द्यावयाची असते. तींत आपण किती रक्कम देऊं इच्छितों हें लिहावें लागतें, आणि उत्तरासाठीं निदान दोन महिन्यांनंतरची एक तारीख द्यावी लागते. या नोटिशीचें महत्त्व असें कीं, हिशेबाच्या दृष्टीनें घड्याळ त्या दिवशीं थांबतें. पुढें बोलणीं वर्षभर चाललीं तरी किंमत नोटिशीच्या दिवशीं उरलेल्या वर्षांवरूनच ठरावयाची. ८० ची रेषा जवळ आली असतां एका दिवसाचेंहि मोल होतें तें यामुळें.

जमीनमालकानें नेमून दिलेल्या तारखेच्या आंत उलट नोटीस द्यावयाची असते. हक्क मान्य आहे कीं नाहीं, आणि मान्य असल्यास आपली मागणी किती, हें त्यानें तींत कळवावयाचें. दोन्ही आंकड्यांत अंतर असतेंच. बहुतेक प्रकरणीं दोघांचे सर्व्हेयर बसून तें मिटवितात. न मिटल्यास उलट नोटिशीनंतर दोन महिन्यांनीं, पण सहा महिन्यांच्या आंत, मालमत्तेसंबंधींच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. ही सहा महिन्यांची मुदत चुकली तर नोटीस मागें घेतली असें समजलें जातें, आणि नवी नोटीस देण्यास बारा महिने थांबावें लागतें. त्या बारा महिन्यांत पट्टा झिजत राहतो हें निराळें सांगावयास नको. उलट जमीनमालकच वेळेवर उत्तर देण्यास चुकला, तर पट्टेदारानें जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडे जाऊन आपल्याच अटींवर पट्टा मागतां येतो. करार झाला कीं नवा पट्टा लिहून तो भूमिनोंदणी कचेरींत नोंदवावा. नोंदणीवांचून काम पुरें झालें असें मानूं नये. आणि खर्चाचा अंदाज करतांना स्वतःच्या वकिलाबरोबरच जमीनमालकाचा वाजवी खर्चहि १९९३ च्या कायद्यानें पट्टेदाराच्याच अंगावर टाकला, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कायद्याची वाट सोडून आपसांतच पट्टा वाढवून घेण्याचीहि एक चाल आहे. ती जलद असते व कांहीं वेळां स्वस्तहि पडते. परंतु तींत कायद्याचें कवच नाहीं. ९० वर्षें मिळविण्याऐवजीं जुना पट्टा पुन्हां ९९ पर्यंत भरून देण्याची तयारी जमीनमालक दाखवितो. म्हणजे ७० वर्षें उरलेल्या पट्टेदारास अवघीं २९ वर्षें मिळतात. पूर्वीं अशा करारांत भुईभाड्याचाहि सांपळा असे. दर दहा वर्षांनीं भाडें दुप्पट, हें कलम वाचतांना निरुपद्रवी वाटतें. आरंभीचें भाडें २५० पौंड असेल तर दहा वर्षांनीं तें ५०० होतें, आणि पन्नास वर्षांनीं ८,०००. बुद्धिबळाच्या पटावर घराघरांत दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची कथा ज्यास ठाऊक आहे त्यास यांतलें मर्म लागलीच कळेल. अशा कलमांमुळें कित्येकांचीं घरें विकेनाशीं झालीं, तेव्हां पार्लमेंटनें २०२२ चा भुईभाड्याचा कायदा केला. ३० जून २०२२ पासून, कांहीं अपवाद वगळतां, नव्या दीर्घ पट्ट्यावर मिरीदाण्याहून अधिक भुईभाडें घेतां येत नाहीं. आपसांत वाढविलेल्या पट्ट्यांत मात्र जुन्या मुदतीपुरतें जुनें भाडें चालूं राहूं शकतें. म्हणून घाईनें सही करण्यापूर्वीं कायद्याची वाट काय देते हें ताडून पाहावें, आणि मगच आपसांतला सौदा पत्करावा.

या सर्व व्यवस्थेंत मोठा फेरफार करणारा कायदा २४ मे २०२४ रोजीं मंजूर झाला. ९० ऐवजीं ९९० वर्षें वाढवून द्यावीं, विवाहमूल्याची आकारणी रद्द करावी आणि जमीनमालकाच्या खर्चाचें ओझें पट्टेदारावरून सामान्यतः उतरवावें, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु कायदा मंजूर होणें आणि त्याचीं कलमें अंमलांत येणें यांत अंतर असतें. फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षें थांबूनच नोटीस द्यावी, ही जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून उठली. किंमतीच्या हिशेबाचीं मुख्य कलमें मात्र पुढील सरकारी आज्ञांवर सोंपविलेलीं होतीं. त्यामुळें थांबावें कीं नोटीस द्यावी, असा पेंच पुष्कळांस पडला. ज्याचा पट्टा शंभराहून अधिक वर्षांचा आहे त्यानें थोडें थांबल्यानें फारसें बिघडत नाहीं. ज्याचा पट्टा ८० च्या जवळ आला आहे, किंवा ज्याला घर लवकर विकावयाचें आहे, त्यानें मात्र येणाऱ्या कायद्याच्या भरंवशावर दिवस न घालवितां, कोणतें कलम अंमलांत आलें आहे व कोणतें नाहीं, हें नोटिशीपूर्वीं जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावें. सवलतीची वाट पाहण्यांतहि चक्रवाढ व्याज चालूंच असतें.

ही हकीकत आपल्याकडील लोकांस सर्वस्वीं परकी नाहीं, कारण पट्ट्याची ही रीत इंग्रजी अंमलांत मुंबईंतहि आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडील आंखीव वस्त्या त्याच्याच. आणि त्यानें भूखंड दिले ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें. पुढें १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नव्या मुंबईंत ६० वर्षांच्या पट्ट्यानें जमिनी दिल्या. परंतु येथें एक मोठा भेद लक्षांत ठेविला पाहिजे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत पट्ट्याची व्याख्या आहे, आणि मुदत सरली कीं पट्टा संपतो असेंहि १११ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. पण इंग्लंडप्रमाणें मुदत वाढवून मागण्याचा सरसकट हक्क त्यानें दिलेला नाहीं. नूतनीकरणाचा हक्क मिळावयाचा तो पट्ट्याच्या कागदांतील कलमानें, किंवा सरकारनें वा त्या त्या संस्थेनें काढलेल्या योजनेनें. आणि कागदांत तसें कलम असून त्यासाठीं विशिष्ट मुदतींत कळविण्याची अट असेल, तर ती मुदत कांटेकोर पाळली पाहिजे, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत सांगितलें आहे.

शिवाय मुंबईकडे फ्लॅटधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्था असते, आणि इमारतीखालची जमीन पट्ट्याची असेल तर तो पट्टा बहुधा संस्थेच्या नांवावर असतो, किंवा व्हावयास हवा असतो. त्यामुळें जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, अशी गत होण्याचा संभव फार. सभासद वार्षिक सभेंत पाण्याच्या टाकीवर व वाहनांच्या जागेवर तासन् तास बोलतात. पट्टा कोणत्या सालीं संपतो हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. संस्थेच्या दप्तरांत मूळ पट्टा आहे काय, त्याची मुदत केव्हां सुरू झाली, नूतनीकरणाचें कलम आहे काय, आणि नोटीस किती आधीं द्यावयाची आहे, हे चार प्रश्न प्रत्येक संस्थेनें एकदां तरी आपल्या सभेपुढें ठेवावेत व त्यांचीं उत्तरें इतिवृत्तांत लिहून ठेवावींत. चिटणीस बदलतात, जुने सभासद निवर्ततात. लिहिलेली तारीख तेवढी राहते.

शेजारच्या स्कॉटलंडानें हा प्रश्न मुळांतूनच सोडविला. २०१२ च्या कायद्यानें तेथील अतिदीर्घ मुदतीचे बहुतेक पट्टे २८ नोव्हेंबर २०१५ रोजीं पूर्ण मालकींत बदलले गेले. इंग्लंड आणि वेल्सनें तेथवर येण्यास किती काळ लागेल तो लागो. तोंपर्यंत पट्टेदाराच्या हातीं असलेलें साधन एकच, आणि तें म्हणजे वेळेवर केलेला हिशेब. पट्टा कांहीं कोणास फसवीत नाहीं. त्याच्या पहिल्याच पानावर आरंभाची तारीख व मुदत स्पष्ट लिहिलेली असते. बेरीज करून शेवटचें साल काढण्याचें काम तेवढें घरांत राहणाऱ्याचें आहे. तें साल ज्यानें काढलें, आणि ८० वर्षांची रेषा कोणत्या वर्षीं ओलांडली जाईल हें त्याच्याच शेजारीं लिहून ठेवलें, त्यानें आपलें घर राखण्याचें अर्धें काम केलें असें समजावें.